झाड पडतं ते बुंध्याच्या खालून

मे महिना लागला की हाउसिंग सोसायटीच्या कमिटीला झाडं आठवतात. उद्यान विभागाकडे अर्ज जातो, ठेकेदाराची माणसं दोर, करवत घेऊन येतात आणि बघता बघता पर्जन्यवृक्षाचा नुसता खांब उरतो. आता पावसाळ्यात पडायची भीती नाही, असं म्हणून सगळे मोकळे होतात. तरीही जूनमध्ये एखादं झाड कुणाच्या तरी गाडीवर आडवं होतंच, आणि तेही मुळासकट.

मुळासकट पडलं म्हणजे दुखणं शेंड्यात नव्हतं. मोठ्या झाडाचं सोटमूळ पार पाताळात गेलेलं असतं ही समजूत शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीने पक्की केली आहे. प्रत्यक्षात वाढलेल्या झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या मीटरभर थरातच आडवी पसरतात, आणि पसरत पसरत फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर जातात. कारण मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. त्यांना लागणारा ऑक्सिजन मातीतल्या पोकळ्यांमधून येतो आणि पाण्यात तो हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट संथ पसरतो. भुसभुशीत, सकस मातीत जवळपास निम्मी जागा या पोकळ्यांची असते. पेव्हर ब्लॉक बसवण्याआधी जो रोलर फिरवतात, तो नेमका या पोकळ्या मोडण्यासाठीच!

त्यात गॅसची पाइपलाइन, केबल, नवं गटार यांसाठी चर खणले जातात. प्रत्येक चरात एका बाजूची जाड मुळं तुटतात. झाड लगेच वाळत नाही. पानं हिरवीगार राहतात, फुलंही येतात. तुटलेल्या टोकांतून कूज आत शिरायला काही वर्षं जातात, तोवर कमिटीही बदललेली असते.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की झाडावरचा जोर चौपट होतो. युरोपात हिवाळी वादळं येतात तेव्हा तिथली पानझडी झाडं उघडी असतात. आपल्याकडे मोसमी वारा सुटतो तेव्हा गुलमोहर पानांनी भरलेला असतो आणि खालची माती भिजून सैल झालेली असते. म्हणून छाटणी मुळीच नको, असं मी म्हणणार नाही. वाळलेल्या, चिरलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढायलाच हव्यात. माझा आक्षेप सरसकट शेंडा उडवण्याला आहे.

अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं करवतीने उभी चिरून आतलं लाकूड तपासलं. १९७७ साली त्यांनी मांडलेलं सूत्र असं, की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजका भाग आतल्या आत कोंडून टाकतं आणि त्याच्या बाहेरून नवं लाकूड वाढवतं. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. त्याच्या लगेच बाहेर कापलं तर हे कोंडणं नीट जमतं. कडंच तासून टाकलं किंवा फांदीचा लांब खुंट मागे ठेवला, तर कूज आत उतरते. वरून डांबर किंवा ऑइलपेंट फासल्याने ती थांबत नाही.

शेंडा उडवलेल्या झाडाला पुढच्या काही आठवड्यांत भराभर धुमारे फुटतात आणि झाड सावरलं असं वाटतं. पण हे धुमारे लाकडाच्या अगदी बाहेरच्या थरालाच धरून असतात. जड झाले की तेच निखळून खाली येतात. शिवाय मुळांचं अन्न पानांतच तयार होतं. ज्या झाडाची मुळं आधीच गुदमरलेली आहेत, त्याची पानं काढून आपण त्याची उपासमार करतो.

तेव्हा पाहणी बुंध्यापासून सुरू करावी. खोडाच्या तळाशी लाखेसारखी चकचकीत, लालसर तपकिरी अळंबी दिसली तर ती बहुधा गॅनोडर्मा बुरशी असते आणि आतलं लाकूड, मुळं कुजू लागल्याची ती खूण असते. गुलमोहरावर ती पुष्कळदा आढळते. झुकलेल्या झाडाच्या उलट बाजूची जमीन फुगलेली किंवा भेगाळलेली असेल, तर मेची वाट न बघता जाणकाराला बोलवावं. झाड काढावंच लागलं, तर महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. मोठ्या झाडाला एक मीटर अपुराच. पण बऱ्याच सोसायट्यांत तेवढाही नसतो. पेव्हर ब्लॉक ग्रिटवर नुसते मांडलेले असतात, ते हाताने उचलता येतात. काँक्रीट असेल तर ब्रेकर न लावता छिन्नी-हातोड्याने थोडं थोडं फोडावं, नाहीतर सालीलगतची मुळंच ठेचली जातात. मोकळ्या झालेल्या जागेत लाल मातीचा ढीग घालू नये, त्यानेही हवा कोंडते. रोज झाडून कचरागाडीत जाणारा पालापाचोळा चार बोटं जाडीने पसरावा आणि खोडापासून वीतभर दूर ठेवावा.