सूर्यफुलाचं तेल अंगाला लावावं का? उत्तर बाटलीच्या मागच्या बाजूला आहे

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधे शनिवार-रविवारी जे स्टॉल लागतात ना, तिथे हल्ली लोणची-पापडांच्या शेजारी तेलाच्या काचेच्या बाटल्या हमखास दिसतात. लाकडी घाण्याचं, ऑर्गॅनिक, केमिकल फ्री, आणि खाली बारीक अक्षरात ‘हाडांपर्यंत मुरतं’. परवा अशीच एक बाटली होती, सूर्यफुलाचं मालिश तेल, किंमत किराणा दुकानातल्या पिशवीच्या कितीतरी पट. एक काकू स्टॉलवरच्या मुलीला विचारत होत्या, “अगं पण हे तळणाचं तेल ना, अंगाला कशाला लावायचं?” मुलगी म्हणाली ऑर्गॅनिक आहे काकू. हे काही उत्तर झालं नाही, पण खरं उत्तर फार भारी आहे.

आधी हाडांचं उरकून टाकू. तेल हाडात मुरत नाही, स्नायूतही जात नाही. लावलेलं बहुतेक सगळं तेल कातडीच्या सगळ्यात वरच्या मृत थरातच राहतं आणि उरलेलं गादीच्या चादरीला लागतं. मालिश करून बरं वाटतं ते दाबाने, उबेने आणि कोणीतरी आपल्याकडे अर्धा तास लक्ष देतंय याने, तेल फक्त हात सरकायला मदत करतं. आणि मालिशने ‘टॉक्सिन बाहेर पडतात’ म्हणणाऱ्याला एकदा विचारा, कुठलं टॉक्सिन, नाव सांग. ते खातं यकृत आणि मूत्रपिंडांकडे आहे, आणि ते फुकटात काम करतात.

मग तेलाचा कातडीला उपयोग काय? तर गंमत त्या मृत थरातच आहे. हा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, म्हणजे 10-20 मायक्रॉन जाड, पण शरीरातलं पाणी आत ठेवायचं आणि बाहेरचे जंतू, साबण, घाण बाहेर ठेवायची हे सगळं याच्या भरवशावर. शास्त्रज्ञ त्याला विटा-सिमेंटची भिंत म्हणतात, मेलेल्या चपट्या पेशी म्हणजे विटा आणि मधलं सिमेंट म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड यांचे एकावर एक पातळ पापुद्रे (तिन्ही चरबीचेच प्रकार, त्यात फॅटी अ‍ॅसिड म्हणजे कार्बनची लांब साखळी, तेल मुख्यतः त्यांचंच बनतं). क्रीमच्या जाहिरातीत सिरॅमाइड ऐकलं असेल, ते हेच.

आता यातलं एक सिरॅमाइड वेगळं आहे, आणि माझा जीव त्याच्यावरच आहे. त्याची शेपटी विचित्र लांब, 30-32 कार्बनची, आणि तिच्या टोकाला आणखी एक फॅटी अ‍ॅसिड चिकटवलेलं असतं, ते म्हणजे लिनोलेइक अ‍ॅसिड. 18 कार्बन, दोन डबल बाँड (म्हणजे शेजारच्या दोन कार्बनमधली दुहेरी जोडणी), 9 आणि 12 नंबरच्या कार्बनवर. आपल्या शरीराला 9 चा बाँड टाकता येतो पण 12 चा टाकणारं एन्झाइमच आपल्याकडे नाही, झाडांकडे आहे, म्हणून हे अ‍ॅसिड खाण्यातूनच मिळवावं लागतं. तर हे लांब शेपटीचं सिरॅमाइड एका पापुद्र्यातून दुसऱ्यात घुसून दोघांना धरून ठेवतं. एवढ्यावर थांबत नाही, 12आर-लॉक्स आणि ई-लॉक्स-3 नावाची दोन एन्झाइमं त्या लिनोलेइकला ऑक्सिजन जोडतात, मग ते कापलं जातं, आणि मोकळं झालेलं सिरॅमाइडचं टोक पेशीच्या बाहेरच्या प्रोटीन कवचाला कायमचं जोडलं जातं. म्हणजे सिमेंट विटेला धरतं ते या टोकाने. या एन्झाइमांच्या जनुकात बिघाड असला तर बाळ जन्मतःच खवल्याखवल्यांच्या कातडीचं होतं, इतकं हे महत्त्वाचं. (इथे डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा: लिनोलेइक नसेल तर भिंत गळते.)

हे कळलं उंदरांमुळे. 1929 मध्ये अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोने उंदरांना चरबी अजिबात नसलेलं खाणं दिलं, तर त्यांच्या शेपट्या खवलेदार झाल्या आणि ते भसाभस पाणी प्यायला लागले, कारण कातडीतून पाणी उडत होतं. लिनोलेइक कमी पडलं की शरीर त्याच्या जागी ओलेइक अ‍ॅसिड वापरतं, त्याला एकच डबल बाँड, आणि त्याने भिंत धरत नाही. 1974 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तर असं छापून आलं की ज्यांच्या आतड्यातून चरबी नीट शोषली जात नव्हती अशा रुग्णांच्या हाताला सूर्यफूल तेल रोज चोळलं आणि रक्तातलं लिनोलेइक वाढलं. म्हणजे तेलातलं काहीच आत जात नाही असंही नाही, कातडीवर तेलाच्या रेणूचे तुकडे होतात, सुटं झालेलं फॅटी अ‍ॅसिड थोडं थोडं आत सरकतं, पण हाडाशी त्याचा संबंध नाही.

आता काकूंच्या प्रश्नाकडे. साध्या सूर्यफूल तेलात साधारण अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत लिनोलेइक असतं. ऑलिव्हमध्ये बहुतेक ओलेइक, जे कातडीचे पापुद्रे विस्कटतं, इतकं की औषध कातडीतून आत ढकलायला औषध कंपन्या ते मुद्दाम वापरतात. 2013 मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या संशोधकांनी मोठ्या माणसांच्या हातावर काही आठवडे दोन्ही तेलं लावून पाहिली, ऑलिव्हने कातडीची भिंत कमजोर झाली, सूर्यफुलाने टिकली. ढाक्यात तर वेळेआधी जन्मलेल्या बाळांना सूर्यफूल तेल लावलं तेव्हा हॉस्पिटलमधली इन्फेक्शन 41 टक्क्यांनी कमी झाली, 2005 चा अभ्यास. पण लगेच नाचू नका. मँचेस्टरला पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांवर तेच करून पाहिलं (2016), तेव्हा ऑलिव्ह आणि सूर्यफूल दोन्ही तेलांनी कातडीतला ओलावा वाढला पण पापुद्र्यांची रचना तेल न लावलेल्या बाळांपेक्षा मागे राहिली. म्हणजे मुळात धडधाकट कातडीला मदतीची गरज कमी, हेच. आपल्याकडे घरोघरी सूर्यफूल नाहीतर सोयाबीन तेलात फोडणी पडते, लिनोलेइकची टंचाई कोणाला आहे?

आणि ऑर्गॅनिक? ऑर्गॅनिक म्हणजे शेतात रासायनिक खत आणि कीटकनाशक नाही, इतकंच. लिनोलेइक किती, हे बियाण्याच्या वाणावर आणि दाणे भरताना हवा किती गरम होती यावर ठरतं, थंडीत लिनोलेइक वाढतं, उकाड्यात ओलेइक. शिवाय हाय-ओलेइक नावाचं वाण आहे, त्यात लिनोलेइक जेमतेम, तळणाला झकास, कातडीला ऑलिव्हचा भाऊ. दोन्हीच्या बाटलीवर तेच पिवळं फूल. म्हणून बाटली उलटी करा, न्यूट्रिशनचा तक्ता बघा: 100 ग्रॅममागे पॉलीअनसॅच्युरेटेड (लिनोलेइक यात येतं) 55-60 च्या पुढे असेल तर तुम्हाला हवं ते, मोनोअनसॅच्युरेटेड (यात ओलेइक) 80 असेल तर ठेवून द्या. तक्ताच नसेल तर विकणाऱ्यालाही माहीत नाही असं समजा. आणि खरं सांगू, आपली सोलापूर-मराठवाड्याची करडई, साधी, तिच्यात लिनोलेइक सूर्यफुलाच्याही वर, 70 टक्क्यांच्या पुढे, पण तिचं असं कौतुक होत नाही.

ठाण्यात मे महिन्यात तेल चोपडून लोकलला उभं राहू नका, घामोळं उठेल. डिसेंबर-जानेवारीत पिंडऱ्यांना पांढरे खवले दिसायला लागले की आंघोळीनंतर, कातडी ओलसर असताना, दोन-चार थेंब पुरतात. डोक्यात कोंडा असेल तर तिथे नको, तिथली बुरशी अशा तेलांवर पोसली जाऊ शकते.

शेवटचं, मालिश सेंटरवाल्यांनी तरी ऐकावं असं. ज्या दोन डबल बाँडचं इतकं कौतुक केलं, त्यांच्या मधला कार्बन ऑक्सिजनला फार लवकर सापडतो. म्हणून उघडी बाटली काही महिन्यांत खवट वास मारते, ती अंधारात, गार जागी ठेवायची आणि वास आला की फेकायची. आणि या क्रियेत उष्णता सुटते. बाटलीत ती कळत नाही, पण तेल प्यायलेले टॉवेल गरम ड्रायरमधून काढून तसेच ढीग करून ठेवले तर आतली उष्णता बाहेर पडायला जागा नसते आणि ढीग आपला आपण पेट घेऊ शकतो. असे टॉवेल गरम पाण्यात भरपूर साबण घालून धुवा, आणि वाळले की पसरून गार होऊ द्या, मगच घड्या घाला.