माळव्यातल्या ‘कधीमधी’ची पार्श्वभूमी

इंदूरच्या मराठी घरांत ‘व्यसन’ हा शब्द जपून वापरतात. लग्नकार्यात पानाबरोबर चिमूटभर जर्दा खाणारे काका किंवा महाशिवरात्रीला भांगेची ठंडाई घेणारे मामा व्यसनी ठरत नाहीत. ते ‘कधीमधी घेतात’. हा ‘कधीमधी’ माळव्यात फार जुना आहे आणि त्याच्या मुळाशी अफू आहे.

अफूला माळवा-राजस्थानात ‘अमल’ म्हणतात. मराठीत अंमल म्हणजे सत्ता आणि अंमल म्हणजे नशाही. राजपूत घराण्यांत अफू पाण्यात घोळून गाळलेला कसुंबा सोयरीक जुळताना किंवा वैर मिटवताना तळहातावरून पाजत. कोणी पाजायचा, केव्हा आणि किती, हे रिवाजाने ठरलेले असे. म्हणून तेव्हा सगळे सुरक्षित होते असे मात्र नाही. अमलावाचून ज्यांचा दिवस उजाडत नसे अशी माणसेही त्याच समाजात होती. आणि आई शेतात गेल्यावर बाळ झोपून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत, त्या बाळाला कोणी विचारले होते?

अफूमागे पैसाही मोठा होता. बंगालच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती, तर माळव्याची अफू होळकर-शिंद्यांच्या मुलखात पिके आणि सावकारांमार्फत विकली जाई. 1830 नंतर कंपनीने परवाना व जकात घेऊन ती मुंबईमार्गे चीनला जाऊ दिली. 1843 मध्ये सिंध इंग्रजांकडे गेल्यावर जकात चुकवून कराचीमार्गे माल नेण्याची पळवाटही बंद झाली. इंदूरच्या जुन्या पेढ्यांच्या भरभराटीत या व्यापाराचा वाटा आहे. 1907 च्या चीन-ब्रिटन करारानंतर तो आटत गेला.

त्याआधी, 1893 मध्ये, अफूवर शाही आयोग नेमला गेला. हिंदुस्थानात बहुतेक लोक अफू बेतानेच घेतात, असा निष्कर्ष त्याने 1895 मध्ये काढला. सरकारच्या महसुलाला तो सोयीचा होता, म्हणून तो जपून वाचावा लागतो. तरीही व्यसन न लागता घेणारे लोक असतात, ही गोष्ट खोटी नव्हती. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर आणि 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर अफूचा घरगुती वापर गुन्हा ठरला. भांगेची पाने मात्र त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येबाहेर राहिली. त्याच सुमारास ब्राउन शुगर, म्हणजे हलक्या प्रतीचे हेरॉइन, पसरली. तिला ना निमित्त लागे, ना पाजणारा वडीलधारा.

नशा करूनही काहींना व्यसन का लागत नाही, हा प्रश्न शास्त्राने उशिरा हाती घेतला. 1970 च्या दशकात अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन झिनबर्ग यांनी बेताने हेरॉइन घेणाऱ्यांचा अभ्यास केला. पदार्थाइतकेच माणसाचे मन आणि भोवतालचे वातावरण महत्त्वाचे, असे त्यांना दिसले. कसुंब्याच्या रिवाजातही तेच होते. मानसशास्त्रज्ञ सॉल शिफमन यांनी 1989 च्या सुमारास दिवसाला पाचपर्यंत सिगारेटी वर्षानुवर्षे ओढूनही न अडकलेल्यांची नोंद केली. ती न मिळाल्यास या लोकांना फारसा त्रास होत नसे. पण अशी माणसे थोडीच. 1994 च्या अमेरिकी पाहणीत, कधीतरी चव घेतलेल्यांपैकी तंबाखूच्या आहारी गेलेले 32 टक्के होते. हेरॉइनच्या 23, दारूच्या 15 आणि गांजाच्या 9 टक्के. ज्या पदार्थाला आपण सर्वांत निरुपद्रवी मानतो, तोच सर्वांत जास्त लोकांना धरून ठेवतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

शिवाय सवय न लागणे आणि अपाय न होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. रोज वीस सिगारेटी ओढल्याने हृदयरोगाचा जेवढा धोका वाढतो, त्याच्या जवळपास निम्मा रोजच्या एका सिगारेटीनेही वाढतो, असे 2018 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसून आले.

मध्य प्रदेशाने 1 एप्रिल 2012 पासून गुटख्यावर बंदी आणली. असे करणारे ते देशातले पहिले राज्य. त्यानंतर गुमटीवर, म्हणजे पानटपरीवर, पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळू लागली. गिऱ्हाईक दोन्ही घेते आणि तिथेच उभ्या उभ्या एकत्र करते. त्यासाठी लग्न लागत नाही, शिवरात्र लागत नाही.