फेलिपे प्रोस्पेरो जगला असता तर?

व्हिएन्नाच्या संग्रहालयात वेलास्केझनं १६५९ साली रंगवलेला स्पेनचा चिमुकला युवराज आहे: फेलिपे प्रोस्पेरो. चेहरा फिकट, अंगावर दृष्ट लागू नये म्हणून बांधलेले ताईत आणि घंटा. १ नोव्हेंबर १६६१ रोजी, चार वर्षांचा होण्याआधीच तो गेला. पाचच दिवसांनी धाकटा कार्लोस जन्मला. हाच दुसरा कार्लोस १७०० साली निपुत्रिक वारला आणि गादीसाठी १७०१ ते १७१४ युद्ध पेटलं.

थोरला वाचला असता तर हे टळलं असतं? आधी गणित करू. आईबाप म्हणजे राजा चौथा फेलिपे आणि त्याची सख्खी भाची मारियाना. अंतःप्रजनन गुणांक म्हणजे एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती मुलाला एकाच पूर्वजाकडून मिळण्याची शक्यता. मामा, त्याचे वडील, बहीण, भाची ही वाट चार माणसांची, म्हणून १/२ चारदा गुणायचं: १/१६. मामाच्या आईकडून तेवढंच. बेरीज १/८. (आपल्याकडच्या आते-मामे भावंडांच्या लग्नात १/१६.) इथंच थांबलात तर उत्तर निम्म्यानं चुकतं, कारण मागच्या पिढ्याही आपसातच लग्नं करत आल्या होत्या. १६ पिढ्यांमधल्या ३,०००हून जास्त नातेवाइकांवरून २००९ साली अभ्यासकांनी काढलेला कार्लोसचा आकडा ०.२५४ आहे. सख्ख्या भाऊबहिणीच्या मुलाचा ०.२५ असतो!

हा आकडा दोघा भावांचा सारखाच, नशीब मात्र सारखं असेलच असं नाही. त्याच अभ्यासकांचा अंदाज, निव्वळ अंदाजच, की कार्लोसला पियुषिका ग्रंथीचा आणि मूत्रपिंडाचा असे दोन अप्रभावी, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तरच होणारे विकार होते. आईबाप दोन्हींचे वाहक (एकच प्रत सदोष असलेले) धरले तर दुसरं मूल दोन्हींतून सुटण्याची शक्यता ३/४ × ३/४, म्हणजे ९/१६. थोरली बहीण मार्गारीता याच गुणांकाची, तरी ती २१ वर्षं जगली आणि आईही झाली.

म्हणजे फेलिपे धडधाकट निघू शकला असता. घोटाळा पुढे होता. दरबार त्याला बायको कुठली बघणार? मार्गारीतानं स्वतःच्या मामाशी, सम्राट लिओपोल्डशी लग्न केलं. त्यांची मुलगी मारिया आंतोनिया, गुणांक ०.३०५. कार्लोससाठी एकेकाळी हिचंच नाव पुढे होतं. फेलिपेचीही ती सख्खी भाचीच.