भूआच्छादन बदल-सर्वेक्षण

देशातील जंगले, शेती, पाणथळी, माळराने आणि वस्ती यांचे ठरावीक वर्षांनी, त्याच व्याख्येने पुन्हा केलेले मोजमाप. भारतात वनांचे मोजमाप डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था (स्थापना १९८१) करते. तिचा पहिला अहवाल १९८७ चा असून पुढचे साधारण दर दोन वर्षांनी निघाले.

‘त्याच व्याख्येने’ ही अट पाळणे सर्वांत अवघड. १९९९ च्या अहवालात देशाचे वनाच्छादन ६,३७,२९३ चौ. किमी होते, २००१ मध्ये ते ६,७५,५३८ झाले. दोन वर्षांत एवढी झाडे उगवत नाहीत. मधल्या काळात नकाशाचे प्रमाण १:२,५०,००० वरून १:५०,००० वर आले आणि मोजण्याजोगा किमान तुकडा २५ हेक्टरांवरून १ हेक्टर झाला. शिवाय १० टक्क्यांहून अधिक भागावर झाडांच्या फांद्या-पानांचे छत्र असलेली कोणतीही जमीन, मालकी कोणाचीही असो, वनाच्छादनात धरतात. त्यामुळे आंब्याची बागही त्यात येते.

ठाणे खाडीत उपग्रह-प्रतिमांवरून मोजण्याच्या या पद्धतीच्या मर्यादा चांगल्या दिसतात. लिस-३ या भारतीय उपग्रहांवरच्या संवेदकाच्या प्रतिमेतला एक चौकोन २३.५ मीटरचा असतो, म्हणजे एका हेक्टरात जेमतेम १८ चौकोन. दोन वर्षांच्या प्रतिमा एका चौकोनाने जरी सरकून बसल्या, तरी ५० मीटर रुंदीच्या तिवरांच्या (खारफुटीतल्या एका झाडाच्या) पट्ट्यात एका कडेला जवळपास निम्मी खारफुटी ‘नष्ट’ झालेली आणि दुसऱ्या कडेला तेवढीच ‘नवी’ दिसते. म्हणून तुलनेआधी पुलांचे कोपरे, जेट्टी असे न हलणारे बिंदू जुळवून घेतात. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत १,००० चौ. मीटरहून मोठ्या कांदळवनाला, म्हणजे खारफुटीच्या वनाला, ५० मीटरचा संरक्षक पट्टा लागू होतो. राष्ट्रीय नकाशाचा किमान तुकडा त्याच्या दहापट. त्यामुळे ऐरोली-वाशीकडच्या छोट्या तुकड्यांसाठी तो नकाशा पुरावा म्हणून पुरत नाही, अधिक बारकाईच्या प्रतिमा घ्याव्या लागतात.

भरतीचा घोळ याहून मोठा. लिस-३ वाहून नेणारे उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास येतात. कोळ्यांचा हिशोब असा की तिथीच्या पाऊणपट वाजता भरती पूर्ण होते. त्या हिशोबाने अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला साडेदहा वाजता खाडी भरत आलेली असते. साडेदहाला ओहोटी सापडते ती षष्ठीच्या आसपास, आणि ती भांगाची, म्हणजे उथळ. उधाणाच्या ओहोटीला उघडा पडणारा सर्वांत खालचा चिखल या प्रतिमांत जवळजवळ येतच नाही. निदान तुलनेच्या दोन्ही प्रतिमा सारख्या तिथीच्या निवडाव्यात. पावसाळ्यात ढग आणि उन्हाळ्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातील पानझडीमुळे ऑक्टोबर ते डिसेंबर हाच काळ बरा. मिठागरे मात्र तारखेनुसार कधी पाणी, कधी उघडी जमीन म्हणून नोंदली जातात.

शेवटी बदल-सारणी करतात: कोणत्या वर्गातून कोणत्या वर्गात किती हेक्टर गेले. नुसती बेरीज फसवी. गाळ साचून चिखलावर तिवर पसरले तर कांदळवनाचा आकडा सुधारतो, पण रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांची खाद्य मिळण्याची जागा घटते; २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) ठरलेल्या खाडीत ही घट वेगळी दाखवायलाच हवी. प्रत्यक्ष पडताळणीत आणखी एक अडचण येते. आतल्या फाट्यांत होडी भरतीलाच शिरते आणि तेव्हा तपासायचा चिखल पाण्याखाली असतो. त्यामुळे तिवर आणि चिपी या खारफुटीच्या झाडांचे बिंदू होडीतून आणि चिखलाचे बिंदू ओहोटीला बांधावरून, असे दोन फेऱ्यांत घेतात.