सरासरी तीच, सरी वेगळ्या

जुलैमध्ये कोल्हापूरकर पाऊस फुटांत मोजतात. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती झाले, हा इथला पहिला प्रश्न. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली. त्या महापुरांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणते, ‘पावसाळ्याची सरासरी काढून बघा, पाऊस पूर्वीइतकाच पडतो.’ या म्हणण्यात बरेच तथ्य आहे आणि गैरसमजाचे मूळही तिथेच आहे.

हवामानशास्त्रज्ञ बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मध्य भारतातील १९५१ ते २००० या काळातल्या दैनंदिन पर्जन्यनोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोसमाच्या एकूण पावसात त्यांना ठळक वाढ वा घट आढळली नाही. मात्र दिवसाला १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पावसाच्या घटना वाढल्या होत्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या होत्या. बेरजेत ही वाढ आणि ही घट एकमेकींना झाकून टाकतात.

असे का व्हावे? हवा स्पंजासारखी पाणी ‘धरून ठेवते’ असे सर्रास लिहिले जाते, ते मला खटकते. पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सतत सुटत असतात आणि सतत परत येत असतात. तापमान वाढले की सुटणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढते आणि हा हिशेब जुळेपर्यंत हवेत अधिक बाष्प साठते. दर अंश सेल्सिअसमागे ही वाढ सुमारे ७ टक्के असते. मग एकूण पाऊसही ७ टक्क्यांनी का वाढत नाही?

उत्तरासाठी गुऱ्हाळात डोकवावे. काहिलीतला उसाचा रस आटवताना चुलवाणात किती जळण जाते, ते पाहिलेल्याला पाण्याची वाफ करणे किती खर्चिक आहे हे सांगावे लागत नाही. एक किलो पाण्याच्या वाफेसाठी सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता लागते. ती नाहीशी होत नाही; वाफेचे पुन्हा पाणी होते तेव्हा ढगात मोकळी होते. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १०० लिटर पाणी, म्हणजेच त्यावरच्या हवेत सुमारे ७० युनिट विजेइतकी उष्णता. संपूर्ण पृथ्वीचा विचार केला, तर वातावरणाला ही उष्णता मुख्यतः अवरक्त प्रारणाच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांच्या, रूपाने बाहेर टाकावी लागते, आणि ही क्षमता तापमानाबरोबर फार हळू वाढते. त्यामुळे जगाचा सरासरी पाऊस अंशामागे १ ते ३ टक्केच वाढतो. एखाद्या मुसळधार सरीवर मात्र हे बंधन नसते. ती आजूबाजूचे बाष्प ओढून घेते, आणि मोकळी झालेली उष्णता ढगातली हवा आणखी जोराने वर नेते. बाष्पाचा साठा मोठा आणि एकूण खर्चावर मर्यादा, म्हणून सरी जोरदार आणि दोन सरींमधली उघडीप लांब.

आपल्याकडे अजूनही पुनर्वसूचा पाऊस ‘तरणा’ आणि पुष्याचा ‘म्हातारा’ मानतात, शिवाय नक्षत्राचे वाहन बेडूक की गाढव यावरही अंदाज बांधतात. २०२१ चा महापूर ऐन पुष्यात, म्हणजे म्हाताऱ्या पावसात आला. दुसऱ्या टोकाला, प्रत्येक वळवाला ‘ढगफुटी’ म्हणणाऱ्या बातम्याही पावसातला बदल समजून घ्यायला तितक्याच निरुपयोगी आहेत.

नदीची पातळी म्हणजे पाऊस नव्हे. त्या फुटांमध्ये राधानगरी धरणाच्या उघडलेल्या दरवाजांचे पाणी असते आणि पूरक्षेत्रात टाकलेल्या भरावांनी अडवलेलेही असते. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या शिरोळमध्ये स्वतःचा पाऊस बेताचाच पडत असतानाही शेते पाण्याखाली जातात, कारण ते पाणी घाटमाथ्यावर पडलेले असते. म्हणून पावसाचा कल शोधायचा, तर बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीपेक्षा घाटमाथ्यावरच्या गगनबावड्यासारख्या ठिकाणच्या पर्जन्यमापकाची रोज सकाळची नोंद अधिक उपयोगी पडते, तीही तीस-चाळीस वर्षांची आणि शेजारच्या केंद्रांसह; कारण अतिवृष्टीचे दिवस एका केंद्रावर वर्षाकाठी इतके थोडे असतात, की दोन-चार वर्षांच्या नोंदींतून योगायोग आणि कल वेगळे काढता येत नाहीत.