हयातीचा दाखला आणि विडी वळणारी बोटं

पेन्शन चालू ठेवायची तर आपण हयात आहोत हे दरवर्षी दाखवावं लागतं. पूर्वी बँकेत जायचं, साहेबांसमोर उभं राहायचं, फॉर्मवर सही नाहीतर अंगठा द्यायचा, एवढंच काम होतं. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारनं ‘जीवन प्रमाण’ सुरू केलं आणि हाच दाखला आधार क्रमांक व बोटांच्या ठशावर ऑनलाइन निघू लागला. मुलाकडे परगावी राहणाऱ्या निवृत्तांची यात खरोखर सोय झाली. सोलापुरात मात्र गाडी अडली ती बोटांवरच.

इथं हजारो बायकांचं आयुष्य विडी वळण्यात गेलं. तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या पद्मशाली घरांत पुरुष मागावर आणि बाई विड्यांच्या सुपाशी, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. भिजवलेलं पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायचा, चिमटीत वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांवर, म्हणून हात थांबवून चालत नाही. वर्षानुवर्षं पान आणि तंबाखू घासून अंगठा-तर्जनीवरच्या रेषा झिजतात, वयानं कातडी आणखी गुळगुळीत होते. मग मशीनवर बोट ठेवलं की ‘पुन्हा प्रयत्न करा’. हात धुऊन, पुसून, तेल लावून, दुसरं बोट लावून पाहिलं जातं. रेशन दुकानात ठशाची मशीन आल्यापासून हीच तऱ्हा तिथंही.

पेन्शनचा हा हक्क त्यांना सहज मिळालेला नाही. विडी कामगारांसाठी कायदा झाला १९६६ मध्ये, भविष्य निर्वाह निधी लागू झाला १९७७ मध्ये आणि पेन्शन योजना आली १९९५ मध्ये. त्या योजनेतली किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. विडी घरकुल या कामगार वस्तीतून किंवा कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून शहरात दोन-तीन हेलपाटे झाले, तर यातलं किती हाती उरतं?

दुसरी अडचण कागदांची. कारखान्याच्या रजिस्टरात तेलुगू नाव लिहिणाऱ्याला जसं ऐकू आलं तसं उतरलं, कुठं माहेरचं, कुठं सासरचं. जन्मतारीख ठाऊक नसली की बिनदिक्कत १ जून. कागदाच्या काळात ओळखीचा कारकून चेहरा बघून काम करायचा. २०१० नंतर आधार आलं, तेव्हा संगणकाला अक्षर न्‌ अक्षर जुळायला हवं झालं. गिरणीतून सुटलेल्या आजोबांचंही तेच.

सेवा ऑनलाइन नेण्यामागे चांगला हेतू होता, हे मान्यच करायला हवं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखले देण्याला मुदत घातली, ‘आपले सरकार’ पोर्टल आलं, २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. पण घरबसल्या म्हणजे कुणाच्या घरी? फोन आजीचा असला तरी आधारला जोडलेला नंबर बहुतेकदा मुलाचा, आणि मुलगा कामाला पुण्यात. ओटीपी तिकडं वाजतो, तो जेवणाच्या सुट्टीत फोन करून आकडे सांगतो, तोवर मुदत संपलेली. म्हणून म्हातारी माणसं सेतू केंद्र नाहीतर कोपऱ्यावरचा नेट कॅफे गाठतात, पासबुक आणि आधार कार्ड परक्याच्या हाती देतात. या मधल्या माणसांवरच सगळी व्यवस्था उभी आहे आणि तिची नोंद फारशी कुठं होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

सुधारणा झाल्या, त्याही नेमक्या दुखण्यावर. विडी कामगारांच्या या पेन्शनचा हयातीचा दाखला आता नोव्हेंबरची वाट न पाहता वर्षात कधीही देता येतो आणि तिथून वर्षभर चालतो. २०२० पासून पोस्टमन घरी येऊन, सुरुवातीला ७० रुपयांत, दाखला काढून देऊ लागला. २०२१ च्या नोव्हेंबरात चेहरा ओळखून दाखला काढायची सोय आली. त्याला ठशाचं मशीन लागत नाही, कॅमेऱ्याचा स्मार्टफोन पुरतो आणि तो शेजारच्या पोरीचाही चालतो. विडी वळलेल्या बायकांसाठी आजवरची सर्वांत उपयोगी सोय हीच. ती वस्तीतल्या प्रत्येक आजीला कुणीतरी जाऊन दाखवायला हवी, नेट कॅफेची पायरी चढण्याआधी.