इव्हेंट हँडलरमधील ‘धिस’ आणि स्कोप

ऑब्जेक्ट-आधारित पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये एखाद्या ऑब्जेक्टची (माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र ठेवणाऱ्या घटकाची) मेथड, म्हणजे त्याचे फंक्शन, क्लिकसारख्या इव्हेंटसाठी हँडलर (घटना घडल्यावर चालणारे फंक्शन) म्हणून नेमली, की प्रत्यक्ष इव्हेंट घडताना त्या मेथडचा मूळ ऑब्जेक्टशी असलेला संबंध अनेकदा तुटलेला आढळतो. प्रोग्रामर या दोषाला सरसकट ‘स्कोपची समस्या’ म्हणतात; स्कोप म्हणजे एखादे नाव कोडमध्ये जिथपर्यंत दिसते ती व्याप्ती. ती सर्वाधिक भेटते ती जावास्क्रिप्टमध्ये, म्हणून ही नोंद मुख्यतः त्या भाषेपुरती आहे. या समस्येत दोन स्वतंत्र नियम एकमेकांत मिसळलेले असतात. व्हेरिएबल कुठून दिसेल हे फंक्शन कुठे लिहिले आहे यावरून ठरते. ‘धिस’, म्हणजे फंक्शनच्या आतून चालू ऑब्जेक्टकडे निर्देश करणारा शब्द, कोणता ऑब्जेक्ट दाखवतो हे मात्र फंक्शन कसे बोलावले गेले यावरून ठरते. पहिला नियम कोड वाचून कळतो, तर दुसऱ्यासाठी बोलावणारा कोण हे शोधावे लागते. इव्हेंटच्या बाबतीत बोलावणारा असतो ब्राउझर, आणि त्याचा कोड आपल्यासमोर नसतो.

या विसंगतीचे मूळ भाषेच्या जडणघडणीत आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट तयार केली, तेव्हा फंक्शन हे इतर मूल्यांसारखेच एक मूल्य मानण्याची कल्पना स्कीम या भाषेकडून, प्रोटोटाइपची रचना (एका ऑब्जेक्टने दुसऱ्याचे गुण घेणे) सेल्फ या भाषेकडून आणि बाह्य मांडणी जावाकडून आली. परिणामी ऑब्जेक्टवरची मेथड हे एक सुटे फंक्शनच राहिले, जे कुठेही पाठवता येते, पण आपण कोणत्या ऑब्जेक्टवर होतो याची नोंद सोबत नेत नाही. पायथनमध्ये ऑब्जेक्टवरून मेथड नुसती वाचली तरी ती त्या ऑब्जेक्टशी बांधलेल्या स्वरूपात मिळते, आणि सी-शार्पमधील डेलिगेट (फंक्शनचा संदर्भ ठेवणारे मूल्य) आपल्यासोबत लक्ष्य ऑब्जेक्टही बाळगतो. त्यामुळे त्या भाषांत समस्येचा हा भाग उद्भवत नाही.

प्रत्यक्षात काय घडते ते एका लहान गणकाच्या उदाहरणावरून पाहता येते. गणक हा एक ऑब्जेक्ट आहे, त्यात ‘काउंट’ ही शून्यापासून सुरू होणारी प्रॉपर्टी आहे आणि ‘धिस’च्या काउंटमध्ये ‘++’ने एक मिळवणारी मेथड आहे. ही मेथड हँडलर जोडणाऱ्या ‘ॲड-इव्हेंट-लिसनर’ला देऊन बटणावर क्लिक केले, की ब्राउझर हँडलर बोलावताना ‘धिस’च्या जागी ते बटणच ठेवतो. बटणाला काउंट नावाची प्रॉपर्टी नाही. अस्तित्वात नसलेल्या मूल्यात एक मिळवल्यावर ‘नॅन’, म्हणजे संख्या नसलेले मूल्य, तयार होते आणि ते बटणावरच साठवले जाते. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दाखवणाऱ्या खिडकीत, कोणतीही चूक दिसत नाही आणि गणक शून्यावरच राहतो. त्याच प्रॉपर्टीचे नाव ‘व्हॅल्यू’ असते, तर प्रकार अधिक फसवा झाला असता. बटणाला स्वतःची व्हॅल्यू असते आणि ती न दिल्यास रिकामी असते. रिकाम्या मजकुराचे शून्य होते, त्यात एक मिळते आणि बटणावरची संख्या प्रत्येक क्लिकला नीट वाढत जाते. प्रोग्राम चालतो आहे असा भास होतो, पण मूळ ऑब्जेक्टला त्याचा पत्ताही नसतो. कोसळणाऱ्या कोडपेक्षा असा चालणारा कोड शोधायला कितीतरी अवघड जातो.

‘धिस’ म्हणून कोण येते हे बोलावणाऱ्यानुसार बदलते. ठरावीक वेळाने फंक्शन चालवणाऱ्या ‘सेट-टाइमआउट’ला दिलेल्या साध्या फंक्शनला ब्राउझरमध्ये विंडो ऑब्जेक्ट मिळतो. इंटरनेट एक्सप्लोररच्या ‘अटॅच-इव्हेंट’मध्येही विंडोच मिळत असे, आणि नवव्या आवृत्तीपर्यंत त्या ब्राउझरात ‘ॲड-इव्हेंट-लिसनर’ हा प्रमाणित मार्ग उपलब्ध नव्हता. २००९ च्या ईसीएमएस्क्रिप्ट ५ ने (जावास्क्रिप्टच्या अधिकृत प्रमाणाच्या आवृत्तीने) आणलेल्या स्ट्रिक्ट मोडमध्ये, म्हणजे अधिक कडक नियमांच्या पद्धतीत, कोणत्याही ऑब्जेक्टविना बोलावलेल्या फंक्शनात ‘धिस’ अनडिफाइन्ड, म्हणजे मूल्याविना, राहतो. क्लासच्या आतला कोड आपोआप स्ट्रिक्ट असल्याने रिॲक्ट या वेबपानांसाठीच्या लायब्ररीच्या क्लास-घटकांत हीच चूक स्पष्ट संदेशासह उघडी पडते, आणि ही सुधारणा खरोखर मोलाची आहे.

खऱ्या अर्थाने स्कोपच्या असलेल्या समस्या याहून वेगळ्या. ‘व्हार’ने घोषित केलेला लूपचा चल संपूर्ण फंक्शनभर एकच असतो, म्हणून लूपमध्ये दहा बटणांना हँडलर जोडले तर क्लिकच्या वेळी सर्वांना त्याचे शेवटचे मूल्य दिसते. ईसीएमएस्क्रिप्टच्या २०१५ च्या आवृत्तीतील ‘लेट’ प्रत्येक फेरीला नवे बंधन देतो, त्यामुळे हा दोष आता मुख्यतः जुन्या कोडमध्ये उरला आहे. एचटीएमएलमध्येच लिहिलेल्या ‘ऑनक्लिक’चा सापळा मात्र आजही कायम आहे. तिथे नाव शोधताना आधी तो घटक, मग तो फॉर्मशी जोडलेला असल्यास तो फॉर्म आणि मग डॉक्युमेंट पाहिले जाते, त्यानंतरच आपली ग्लोबल फंक्शने. म्हणून ‘क्लिअर’ नावाचे आपले फंक्शन तिथे बोलावल्यास डॉक्युमेंटचे त्याच नावाचे, काहीही न करणारे फंक्शन चालते आणि आपले तसेच राहते.

उपायांपैकी सर्वांत जुना म्हणजे ‘धिस’ आधीच ‘सेल्फ’सारख्या व्हेरिएबलमध्ये ठेवून हँडलरमध्ये तो वापरणे, अनिश्चित नियमाकडून निश्चित नियमाकडे काम सोपवण्याचाच हा मार्ग आहे. प्रोटोटाइप नावाच्या लायब्ररीमुळे प्रचलित झालेला, फंक्शनला ठरावीक ‘धिस’ बांधून देणारा ‘बाइंड’ ईसीएमएस्क्रिप्ट ५ मध्ये भाषेचाच भाग झाला. २०१५ मध्ये आलेल्या ॲरो फंक्शनला स्वतःचा ‘धिस’ नसतो, ते तो भोवतालच्या कोडमधून घेते; मात्र ऑब्जेक्टची मेथडच ॲरो फंक्शन म्हणून लिहिली, तर तिला ऑब्जेक्टबाहेरचा ‘धिस’ मिळतो आणि समस्या उलट बाजूने परत येते.

बाइंड आणि ॲरो या दोन्हींत एक दुखरी जागा आहे. बाइंड प्रत्येक वेळी नवे फंक्शन परत करतो. हँडलर जोडताना एकदा आणि ‘रिमूव्ह-इव्हेंट-लिसनर’ने काढताना पुन्हा एकदा बाइंड केले, तर ती दोन वेगळी फंक्शने ठरतात, काढण्याचा प्रयत्न काहीही न बोलता निष्फळ होतो आणि विंडोसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या घटकाला जोडलेला ऑब्जेक्ट मेमरीत अडकून राहतो. यासाठी बांधलेले फंक्शन कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) एकदाच तयार करून जपून ठेवावे लागते.

वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या नोव्हेंबर २००० मधील डॉम (वेबपानाच्या घटकांची ऑब्जेक्टरूप मांडणी) पातळी २ च्या इव्हेंटविषयक शिफारशीपासून एक मार्ग उपलब्ध आहे आणि त्याकडे झालेले दुर्लक्ष अनाठायी वाटते. लिसनर म्हणून फंक्शनऐवजी थेट ऑब्जेक्टच देता येतो; इव्हेंट घडल्यावर ब्राउझर त्या ऑब्जेक्टची ‘हँडल-इव्हेंट’ ही मेथड बोलावतो आणि ‘धिस’ म्हणून तोच ऑब्जेक्ट देतो. कोणत्या घटकावरचा हँडलर चालू आहे हे इव्हेंटच्या ‘करंट-टार्गेट’वरून कळते, अनेक प्रकारचे इव्हेंट असल्यास त्याच मेथडमध्ये ‘टाइप’ पाहून फाटे फोडता येतात, आणि काढताना तोच ऑब्जेक्ट पुन्हा दिला की काम होते. ही सोय डॉमच्या इव्हेंटपुरतीच आहे. टायमर आणि प्रॉमिस (पुढे मिळणाऱ्या निकालासाठीचा ऑब्जेक्ट) यांना फंक्शनच द्यावे लागते, त्यामुळे तिथे ॲरो फंक्शन किंवा बाइंड वापरणे भाग पडते.